हवेतील नत्राला शेतापर्यंत आणणारे कार्ल बॉश

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीमुळे बॉश हे नाव महाराष्ट्राला नवे नाही. मोटारींच्या इंजिनांना लागणारी इंधन-उपकरणे बनवणारी ती कंपनी जर्मन उद्योजक रॉबर्ट बॉश यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांचे पुतणे कार्ल बॉश यांचे नाव मात्र रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील हेबर-बॉश पद्धती या जोडनावापुरतेच उरले आहे. वास्तविक काकांच्या कारखान्यापेक्षा पुतण्याच्या कामाचा परिणाम जगावर अधिक खोल झाला. अलिबागजवळच्या थळ येथे किंवा मुंबईच्या तुर्भे भागात तयार होणाऱ्या युरियापासून पंजाबच्या गव्हापर्यंत आणि तमिळनाडूच्या भातापर्यंत, रासायनिक नत्रखताच्या प्रत्येक दाण्यामागे कार्ल बॉश यांनी शंभर वर्षांपूर्वी उभारलेले तंत्र आहे. आज जगात दरवर्षी सुमारे १८ कोटी टन अमोनिया तयार होतो आणि मानवजातीपैकी जवळपास निम्म्या लोकांचे अन्न त्यावर अवलंबून आहे, असे मानले जाते.

त्याच तंत्राने पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या तोफांना दारूही पुरवली. या दोन्ही गोष्टींचा भार बॉश यांना आयुष्यभर वाहावा लागला. २७ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिन. अमोनिया बनवण्याची प्रचंड दाबाची आणि उष्णतेची ही पद्धत बदलता येईल का, त्यासाठी विजेच्या प्लाझ्माचा उपयोग होईल का, याचा शोध आज अनेक देशांतील प्रयोगशाळांत सुरू आहे. ज्या पद्धतीला हा पर्याय शोधला जात आहे, ती घडवणाऱ्या माणसाची ही जीवनकथा आहे.

दुकानदाराचा मुलगा

कार्ल बॉश यांचा जन्म १८७४ साली ऱ्हाईन नदीकाठच्या कोलोन शहरात झाला. वडिलांचा नळजोडणीच्या आणि गॅसच्या सामानाचा व्यवसाय होता. त्या दुकानाला जोडून असलेल्या कार्यशाळेत मुलाचे हात लहानपणीच धातूला सरावले. शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी थेट विद्यापीठाची वाट धरली नाही. सायलेशियातील एका धातुकारखान्यात त्यांनी उमेदवारी केली. साचे बनवणे, ओतकाम, सुतारकाम आणि लोहारकाम ते तेथे कामगारांच्या बरोबरीने शिकले. त्यानंतर बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्ग येथील तंत्रविद्यालयात त्यांनी धातुविज्ञान आणि यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यास केला. १८९६ मध्ये ते लायप्झिग विद्यापीठात रसायनशास्त्राकडे वळले आणि दोन वर्षांनी योहानेस विस्लिसेनुस यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी रसायनशास्त्रज्ञ आणि अभियंते यांची जगे वेगळी असत. काचेच्या नळीत काम करणाऱ्याला लोखंडाची भाषा येत नसे आणि भट्टीवर काम करणाऱ्याला रेणूंची. बॉश यांना दोन्ही येत होत्या. पुढच्या आयुष्यात त्यांच्या वाट्याला आलेले यश मुख्यतः या दुहेरी शिक्षणातून आले.

१८९९ च्या वसंतात ते लुडविग्सहाफेन येथील बीएएसएफ या रंगद्रव्ये बनवणाऱ्या कंपनीत रुजू झाले. कंपनीने दोन वर्षांपूर्वीच कृत्रिम नीळ बाजारात आणली होती आणि बॉश यांना सुरुवातीला त्याच विभागात काम मिळाले. या कृत्रिम निळीने बंगाल आणि बिहारमधील निळीच्या शेतीचा कणा मोडला. तोटा भरून काढण्यासाठी चंपारण्यातील मळेवाल्यांनी रयतेवर वाढीव खंडाचा बोजा टाकला आणि त्या असंतोषातून १९१७ साली महात्मा गांधींचा चंपारण सत्याग्रह झाला. लुडविग्सहाफेनच्या एका कारखान्यात घडलेल्या बदलाची झळ हजारो मैलांवरच्या शेतकऱ्याला अशी पोहोचली होती.

एका दिग्गजाची चूक

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपला एका प्रश्नाने ग्रासले होते. पिकांना नत्र लागते. वातावरणाचा सुमारे ७८ टक्के भाग नायट्रोजनचाच आहे, परंतु त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट बांधलेले असतात की वनस्पतींना तो वापरता येत नाही. त्यामुळे युरोपची शेती दक्षिण अमेरिकेतील चिलीच्या वाळवंटातून जहाजाने येणाऱ्या सोऱ्यावर अवलंबून होती. हे साठे संपले तर गव्हाचे काय, असा इशारा ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी १८९८ मध्ये जाहीर सभेत दिला होता. स्फोटकांसाठीही हाच सोरा लागत असल्याने सरकारांची चिंता दुप्पट होती.

१९०० साली भौतिक रसायनशास्त्रातील अग्रणी विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी बीएएसएफला कळवले की, नायट्रोजन आणि हायड्रोजन तापलेल्या लोखंडावरून नेऊन त्यांनी अमोनिया मिळवला आहे. या शोधासाठी त्यांनी मोठी रक्कम मागितली. पडताळणीचे काम पंचविशीतील नवख्या बॉश यांच्याकडे आले. आरंभी त्यांनाही अमोनियाचा अंश मिळाला. पण पुन्हा पुन्हा प्रयोग केल्यावर त्यांच्या लक्षात आले की, हा अमोनिया हवेतील नायट्रोजनपासून आलेलाच नाही. वापरलेल्या लोखंडावर आधी अमोनियाची प्रक्रिया झाली होती आणि त्यातून लोखंडात अडकून राहिलेला नायट्रोजन बाहेर पडत होता. ओस्टवाल्ड संतापले, परंतु अखेरीस त्यांनी आपला दावा मागे घेतला. एका नामवंताच्या विरोधात पुराव्यानिशी उभ्या राहिलेल्या या तरुणाकडे कंपनीच्या प्रमुखांचे लक्ष गेले.

विजेचा मार्ग आणि उत्प्रेरकाचा मार्ग

नायट्रोजन पकडण्याचा दुसरा एक मार्ग त्याच सुमारास नॉर्वेत खुला झाला होता. क्रिस्टियन बिर्केलान आणि साम आयडे यांनी हवेतून प्रखर विद्युत ठिणगी सोडून नायट्रोजन व ऑक्सिजनचा संयोग घडवला. सुमारे ३,००० अंश सेल्सिअसच्या या ज्वालेला आजच्या परिभाषेत प्लाझ्मा म्हणतात. धबधब्यांमुळे नॉर्वेत वीज स्वस्त होती, म्हणून तेथे हा उद्योग काही काळ चालला. बीएएसएफनेही स्वतःची ठिणगी पद्धत विकसित केली आणि कार्लस्रूह येथील प्राध्यापक फ्रिट्स हेबर यांच्याशी १९०८ मध्ये करार करताना विद्युत मार्गाच्या अभ्यासाचाही त्यात समावेश केला. मात्र प्रत्येक टन नत्रासाठी लागणारी वीज प्रचंड होती. कोळशावर चालणाऱ्या जर्मनीला तो मार्ग परवडणारा नव्हता.

हेबर यांनी दुसऱ्या मार्गात यश मिळवले. दोन्ही वायू अतिशय उच्च दाबाखाली आणि योग्य उत्प्रेरकाच्या सान्निध्यात आणले तर अमोनिया पुरेशा प्रमाणात तयार होतो, हे त्यांनी दाखवले. १९०९ च्या वसंतात बीएएसएफचे अधिकारी त्यांच्याशी चर्चेला आले. शंभराहून अधिक वातावरणांचा दाब लागेल हे ऐकून प्रयोगशाळेचे प्रमुख हादरले, कारण कारखान्यात त्याहून फार कमी दाबाचे भांडे फुटल्याचा अनुभव त्यांना होता. कंपनीचे प्रमुख हाइनरिश ब्रुंक यांनी बॉश यांचे मत विचारले. पोलाद उद्योग काय करू शकतो याची आपल्याला कल्पना आहे आणि हा धोका पत्करण्याजोगा आहे, असा त्यांचा कौल होता. त्या कौलावर कंपनीने निर्णय घेतला.

२ जुलै १९०९ रोजी हेबर यांच्या प्रयोगशाळेत ऑस्मियम या दुर्मीळ धातूच्या उत्प्रेरकावर अमोनिया थेंबाथेंबाने टपकू लागला. बॉश त्याआधीच परतले होते, कारण उपकरणाच्या एका सांध्यातून गळती झाल्याने प्रात्यक्षिक लांबले. त्यांचे सहकारी आल्विन मिटाश मात्र थांबले आणि ते दृश्य पाहून त्यांची खात्री पटली. टेबलावरच्या त्या उपकरणाचा कारखाना करण्याचे काम आता बॉश यांच्यावर आले.

लोखंडाचा दाणा आणि त्याचा आधार

बॉश यांच्यासमोर तीन प्रश्न होते. शुद्ध हायड्रोजन स्वस्तात मिळवणे, ऑस्मियमला पर्याय शोधणे आणि उष्णता व दाब यांचा मारा सोसणारे भांडे बनवणे. त्या वेळी साऱ्या जगात ऑस्मियमचा साठा सुमारे १०० किलोच्या घरात होता. कंपनीने तो विकत घेण्याची व्यवस्था केली खरी, परंतु मूठभर धातूवर जगाची खते उभी राहणार नाहीत हे उघड होते.

उत्प्रेरकाचे काम मिटाश यांच्याकडे होते. त्यांनी लहान लहान चाचणी भट्ट्यांची रांग उभी केली. प्रत्येकीत दोन ग्रॅम पदार्थाची नळकांडी बसवता येई आणि ती काही मिनिटांत बदलता येई. पहिल्या काही वर्षांतच सुमारे २,५०० मिश्रणे तपासली गेली आणि ६,५०० चाचण्या झाल्या. शुद्ध लोखंड निराशाजनक ठरले. थोडा वेळ चालून ते थंडावे. परंतु १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये स्वीडनच्या येलिवारे खाणीतील चुंबकी लोहखनिजाचा एक नमुना सहज तपासला गेला आणि त्याने चकित करणारे उत्पादन दिले.

खनिजात असे काय होते जे शुद्ध लोखंडात नव्हते? उत्तर अशुद्धीत दडलेले होते. मिटाश यांनी लोखंडात एकेक पदार्थ मुद्दाम मिसळून पाहिला आणि थोडा ॲल्युमिना, थोडे चुन्याचे द्रव्य आणि थोडे पोटॅशचे द्रव्य घातले की लोखंडाची शक्ती कैक पटींनी वाढते व टिकते, हे सिद्ध केले. गंधक, क्लोरीन, फॉस्फरस यांचा अंशही मात्र विषासारखा ठरे.

उत्प्रेरणाची क्रिया लोखंडाच्या पृष्ठभागावर घडते. जितका पृष्ठभाग अधिक, तितक्या अधिक रेणूंना जागा. पण पाचशे अंशांच्या उष्णतेत लोखंडाचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे गोळे होतात आणि पृष्ठभाग आक्रसतो. ॲल्युमिना स्वतः अमोनिया बनवत नाही. तो कणांच्या मध्ये राहून त्यांना वेगळे ठेवतो. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचे कूट दाणे मोकळे ठेवते, तसेच काहीसे हे काम असते. पोटॅशियमचे काम निराळे. ते लोखंडाच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांची उपलब्धता वाढवते आणि नायट्रोजनचा चिवट बंध सैल होण्यास मदत करते. नायट्रोजनच्या रेणूचे लोखंडावर तुकडे होणे हीच या अभिक्रियेतील सर्वांत संथ पायरी असल्याचे पुढे गेरहार्ट एर्टल यांनी अणुपातळीवर दाखवून दिले. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रातील कार्यासाठी त्यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मिटाश यांचे मिश्रण थोड्याफार फरकाने आजही जगभरच्या कारखान्यांत वापरले जाते.

फुटलेल्या नळ्यांचे कोडे

भांड्याचा प्रश्न बॉश यांनी स्वतःकडे ठेवला. पहिल्या पोलादी नळ्या त्यांनी काँक्रीटच्या जाड भिंतींआड बसवल्या. सुमारे ८० तास सुरळीत चालून त्या फुटल्या. भिंती नसत्या तर माणसे दगावली असती. दुसऱ्या कुणी अधिक जाड पोलाद मागवले असते. बॉश यांनी फुटलेल्या नळीचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. धातुविज्ञानाचे जुने शिक्षण येथे उपयोगी पडले.

पोलादाचा कणखरपणा त्यातील कर्बामुळे येतो. तापलेला हायड्रोजन नळीच्या भिंतीत शिरून त्या कर्बाशी संयोग पावत होता. कर्ब निघून गेला की मागे राही ते ठिसूळ झालेले लोखंड. नळी जाड केल्याने हा घात फक्त लांबणीवर पडला असता, टळला नसता.

१९११ च्या आरंभी बॉश यांना तोडगा सुचला. एकाच भिंतीकडून दोन कामे करून घेण्याचा हट्ट त्यांनी सोडला. आत कर्ब जवळजवळ नसलेल्या मऊ लोखंडाचे अस्तर आणि बाहेर दाब पेलणारे मजबूत पोलाद, अशी दुहेरी नळी त्यांनी बनवली. अस्तराला हायड्रोजनपासून भय नव्हते, कारण त्यात हिरावून घेण्याजोगा कर्बच नव्हता. अस्तरातून झिरपलेला थोडा हायड्रोजन बाहेरच्या पोलादावर दाबाने साठू नये म्हणून त्यांनी त्या पोलादाला बारीक छिद्रे पाडली. ज्या भांड्यात दोनशे वातावरणांचा दाब कोंडायचा, त्याला छिद्रे पाडणे वरकरणी वेडेपणाचे होते. पण या छिद्रांमुळेच भांडे टिकले.

उरलेल्या अडचणीही एकेक करून सुटल्या. कोळसा आणि वाफेपासून मिळणाऱ्या वायूतून हायड्रोजन वेगळा करण्याची पद्धत बसवली गेली, मोठे संपीडक तयार झाले, वायूंचे सतत परीक्षण करणारी उपकरणे आली. रसायनशास्त्रज्ञ, अभियंते, धातुतज्ज्ञ आणि कारागीर एकाच उद्दिष्टासाठी एकत्र काम करताहेत, अशी रचना त्या काळात दुर्मीळ होती. १९१२ च्या मे महिन्यात ओपाउ येथे कारखान्याचे बांधकाम सुरू झाले आणि ९ सप्टेंबर १९१३ रोजी तेथे अमोनियाचे उत्पादन सुरू झाले. वर्षाला सुमारे ३६,००० टन अमोनियम सल्फेट खत तयार करण्याची त्याची योजना होती.

युद्धाची मागणी

एका वर्षाच्या आत महायुद्ध पेटले. ब्रिटिश नौदलाच्या नाकेबंदीमुळे चिलीचा सोरा जर्मनीला मिळेनासा झाला. लढाई काही आठवड्यांत संपेल या हिशेबाने जमवलेला साठा झपाट्याने आटू लागला. १९१४ च्या शरद ऋतूत बॉश यांनी सरकारला हमी दिली की, अमोनियाचे नायट्रिक आम्लात रूपांतर करून कंपनी स्फोटकांसाठी सोरा पुरवील. अशी यंत्रणा मोठ्या प्रमाणावर कोणी उभारलेली नव्हती. महाग प्लॅटिनमऐवजी लोह आणि बिस्मथचा उत्प्रेरक मिटाश यांच्या गटाने शोधून काढला आणि १९१५ च्या मे महिन्यात ओपाउमधून सोरा बाहेर पडू लागला.

शेतकऱ्यासाठी आखलेला कारखाना सैन्याचा झाला. फ्रेंच विमानांचे हल्ले होऊ लागल्यावर देशाच्या आतल्या भागात लॉयना येथे त्याहून मोठा कारखाना उभारला गेला. १९१६ मध्ये काम सुरू होऊन १९१७ च्या एप्रिलमध्ये तेथून अमोनिया निघाला. हे कारखाने नसते तर जर्मनीचा दारूगोळा फार लवकर संपला असता, यावर बहुतेक इतिहासकारांचे एकमत आहे. युद्ध लवकर संपले असते तर किती प्राण वाचले असते, हा प्रश्न त्यामागोमाग येतो. हेबर यांनी विषारी वायूच्या युद्धाचे नेतृत्व उघडपणे पत्करले होते. बॉश यांचा मार्ग तसा नव्हता, तथापि त्यांच्या कारखान्याशिवाय युद्ध चार वर्षे रेटता आले नसते.

१९१९ मध्ये व्हर्साय येथे गेलेल्या जर्मन शिष्टमंडळात बॉश होते. शस्त्रनिर्मितीचे साधन म्हणून ओपाउ आणि लॉयना पाडून टाकावेत, अशी विजेत्यांची मागणी होती. जर्मन प्रतिनिधींना काटेरी कुंपणाच्या आत ठेवण्यात आले होते. बॉश एका रात्री भिंत ओलांडून फ्रेंच प्रतिनिधीला गुपचूप भेटले, असे सांगितले जाते. फ्रान्सला हे तंत्र शिकवायचे आणि तेथे कारखाना उभारण्यास साहाय्य करायचे, त्या बदल्यात जर्मनीचे कारखाने शाबूत राहायचे, असा सौदा झाला. त्याच वर्षी ते बीएएसएफच्या संचालक मंडळाचे प्रमुख झाले.

ओपाउची सकाळ

२१ सप्टेंबर १९२१ च्या सकाळी साडेसातच्या सुमारास ओपाउमध्ये दोन स्फोट लागोपाठ झाले. कोठारात अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट यांच्या मिश्रणाचा सुमारे ४,५०० टनांचा साठा होता. ओलाव्याने दगडासारखे घट्ट झालेले खत मोकळे करण्यासाठी त्यात सुरुंगाचे लहान बार उडवले जात. हजारो वेळा काहीही न घडल्याने ही रीत निर्धोक समजली गेली होती. त्या सकाळी साठ्याचा सुमारे दहावा भाग स्फोटात सापडला आणि कोठाराच्या जागी सुमारे १९ मीटर खोल विवर पडले. ५०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे २,००० जखमी झाली आणि गावातील बहुतांश घरे उद्ध्वस्त झाली.

मृतांना निरोप देताना बॉश यांनी भाषण केले. माणसांचे पोषण करण्यासाठी बनवलेला पदार्थच त्यांच्या जिवावर उठला, ही वेदना त्यात होती. त्यानंतर त्यांची प्रकृती ढासळली आणि काही महिने ते कामापासून दूर राहिले. कारखाना काही महिन्यांत पुन्हा उभा राहिला. मात्र जवळच्या माणसांच्या आठवणींनुसार बॉश यांच्या मनावरचे सावट पुढेही दूर झाले नाही.

उद्योगाचे साम्राज्य

१९२५ च्या अखेरीस बीएएसएफ, बायर, हेक्स्ट आदी कंपन्यांच्या विलीनीकरणातून आय. जी. फार्बेन ही युरोपातील सर्वांत मोठी रासायनिक कंपनी जन्माला आली आणि तिच्या कार्यकारी मंडळाचे पहिले प्रमुख म्हणून बॉश यांची निवड झाली. अमोनियासाठी विकसित केलेले उच्च दाबाचे तंत्र आता मिथेनॉल आणि कोळशापासून पेट्रोल बनवण्यासाठी वापरले गेले. १९३१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक बॉश आणि फ्रिडरिश बेर्गियुस यांना विभागून मिळाले. उद्योगात काम करणाऱ्या अभियंत्यांना हा सन्मान मिळणे तेव्हा अपूर्व होते.

खासगी आयुष्यात ते अबोल होते. गर्दी आणि समारंभ त्यांना नकोसे वाटत. १९०२ मध्ये एल्झे शिलबाख यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी होती. कीटक, वनस्पती आणि खनिजे जमवण्याचा त्यांना विलक्षण नाद होता. हायडेलबर्गच्या घरी त्यांनी वेधशाळा बांधली आणि त्या शहराच्या प्राणिसंग्रहालयाच्या उभारणीला मोठा हातभार लावला.

कोळशाच्या पेट्रोलमध्ये मात्र कंपनीचा पैसा मोठ्या प्रमाणावर अडकला. मध्यपूर्वेत आणि अमेरिकेत नवे तेलसाठे सापडल्याने खनिज तेल स्वस्त झाले आणि मंदीने उरलीसुरली आशा घालवली. लॉयनाचा प्रकल्प वाचवण्यासाठी सरकारी आधाराची गरज होती. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. फेब्रुवारीत उद्योगपतींनी नाझी पक्षाला दिलेल्या निवडणूक निधीत आय. जी. फार्बेनचे चार लाख मार्क होते आणि डिसेंबरमध्ये सरकारने लॉयनाचे पेट्रोल ठरावीक भावाने घेण्याचा करार केला. बॉश नाझी विचारांचे नव्हते, परंतु हा करार त्यांच्याच काळात झाला.

त्याच वर्षी ज्यू शास्त्रज्ञांना पदांवरून हाकलले जाऊ लागले. बॉश यांनी हिटलरच्या भेटीत हा विषय काढला आणि त्यामुळे जर्मनीचे विज्ञान शंभर वर्षे मागे जाईल असा इशारा दिला, तेव्हा हिटलरने तसे असेल तर शंभर वर्षे त्या विज्ञानाशिवाय काढू, अशा आशयाचे उत्तर देऊन भेट संपवली, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते. ज्यू वंशाचे हेबर देश सोडून गेले आणि १९३४ च्या आरंभी परदेशात निधन पावले. पुढच्या वर्षी २९ जानेवारीला बर्लिनमध्ये त्यांची स्मृतिसभा झाली. प्राध्यापकांनी तिकडे फिरकू नये, असा सरकारचा आदेश होता. बॉश आपल्या सहकाऱ्यांसह त्या सभेला उपस्थित राहिले.

अखेरची वर्षे

१९३५ नंतर कंपनीच्या दैनंदिन कारभारातून ते बाजूला झाले. १९३७ मध्ये माक्स प्लांक यांच्यानंतर कैसर विल्हेल्म संस्थेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पण औदासीन्य वाढत गेले आणि मद्याचा आधारही. १९३९ च्या मे महिन्यात म्युनिक येथील जर्मन संग्रहालयात त्यांनी जाहीर भाषणात विज्ञानाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली. उपस्थित नाझी पुढारी खवळले. २६ एप्रिल १९४० रोजी हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले. हे युद्ध जर्मनीच्या विनाशात संपेल आणि आपल्या आयुष्याचे काम त्यात नष्ट होईल, असे भाकीत त्यांनी अखेरच्या दिवसांत केल्याचे सांगितले जाते.

त्यानंतर आय. जी. फार्बेनने आउशवित्झ येथे छळछावणीतील कैद्यांच्या श्रमावर कृत्रिम रबराचा कारखाना उभारण्यास घेतला. युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे कंपनीच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला. बॉश तोवर हयात नव्हते. पण कंपनीला इतके मोठे आणि सत्तेच्या इतके जवळ कोणी नेले, या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचेही नाव येते.

पुन्हा विजेकडे

बॉश यांच्या पद्धतीचा विस्तार युद्धानंतर अधिक वेगाने झाला. स्वतंत्र भारताने १९५१ मध्ये सिंद्री येथे सार्वजनिक क्षेत्रातील मोठा खतकारखाना सुरू केला आणि हरितक्रांतीच्या काळात नत्रखत हा देशाच्या अन्नसुरक्षेचा पाया बनला. या यशाची किंमतही आहे. हायड्रोजन आजही मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासून मिळवला जातो. त्यामुळे जगाच्या कार्बन उत्सर्जनात अमोनिया उद्योगाचा वाटा एक टक्क्याहून अधिक आहे. शिवाय कारखाना एवढा अवाढव्य असावा लागतो की सौर किंवा पवनविजेच्या चढ-उतारांनुसार तो सहज चालू-बंद करता येत नाही.

म्हणूनच बिर्केलान यांच्या ठिणगीचा विचार नव्या रूपात परतला आहे. आजच्या प्रयोगांतला प्लाझ्मा तीन हजार अंशांची ज्वाला नसतो. दोन विद्युतअग्रांमध्ये काचेसारखा विद्युतरोधक ठेवून उच्च दाबाची वीज सोडली की वायू जवळजवळ थंडच राहतो, पण त्यातील इलेक्ट्रॉन अतिशय ऊर्जावान होतात. त्यांच्या माऱ्याने नायट्रोजनचे रेणू उत्तेजित होतात किंवा तुटतात. जे काम लोखंडाचा पृष्ठभाग पाचशे अंशांना करतो, त्याचा अवघड भाग वीज उचलते. साध्या वातावरणीय दाबाला, सौरविजेवर, गावपातळीवरच्या छोट्या यंत्रात अमोनिया बनवण्याची आशा त्यातून निर्माण झाली आहे.

या प्रयोगांत उत्प्रेरक धातूइतकेच महत्त्व त्याच्या आधारद्रव्याला आले आहे. ॲल्युमिना, सिलिका, मॅग्नेशियम ऑक्साइड, झिओलाइट अशा द्रव्यांवर धातूचे सूक्ष्म कण बसवले जातात. मिटाश यांच्या मिश्रणात ॲल्युमिना फक्त कणांना वेगळे ठेवत होता. प्लाझ्मात मात्र आधारद्रव्याचे विद्युत गुणधर्म ठिणग्यांचे स्वरूपच बदलतात. त्याची छिद्रे फार बारीक असतील तर प्लाझ्मा आत शिरू शकत नाही आणि आतला धातू प्लाझ्माच्या माऱ्यापासून दूर राहतो. दुसरीकडे, तयार झालेला अमोनिया प्लाझ्मातच राहिला तर त्याच माऱ्याने पुन्हा फुटतो. अशा वेळी अमोनियाला आपल्या छिद्रांत शोषून घेणारे आधारद्रव्य त्याला वाचवते. काही प्रयोगांत तर धातूशिवाय केवळ आधारद्रव्यावरही अमोनिया तयार झालेला दिसतो. धातूंची क्रमवारीही बदलते, कारण नायट्रोजनचा बंध आधीच सैल झाल्याने लोखंडापेक्षा नायट्रोजनला कमी घट्ट पकडणारे निकेल, कोबाल्टसारखे धातू उपयुक्त ठरण्याची शक्यता वाढते.

मात्र एक अडचण बॉश यांच्या काळापासून कायम आहे. या पद्धतीने एक किलो अमोनिया मिळवण्यासाठी लागणारी ऊर्जा आजही हेबर-बॉश पद्धतीपेक्षा कित्येक पटींनी अधिक आहे आणि बाहेर पडणाऱ्या वायूत अमोनियाचे प्रमाण थोडेच असते. याच हिशेबावर १९०८ च्या सुमारास जर्मनीने विद्युत मार्ग बाजूला ठेवला होता. तो हिशेब पालटायचा असेल तर योग्य धातू, योग्य आधारद्रव्य आणि योग्य भांडे ही तिन्ही एकमेकांना जुळवून शोधावी लागतील. लुडविग्सहाफेनमध्ये बॉश आणि मिटाश यांनी चार वर्षे हेच काम केले होते. त्यांच्या चाचणी भट्ट्यांची जागा आता विजेच्या नळ्यांनी घेतली आहे आणि त्यांतही ॲल्युमिना आहेच.